दोन शिपाई, मधे झेंडा

छोटी भिंगरी कशाला तरी धरून उभी राहायला शिकली, त्या आठवड्यात घरातली प्रत्येक वस्तू हातभर वर चढली. चपला कपाटावर गेल्या, वर्तमानपत्रं फ्रिजवर, मीठ-साखरेचे डबे सगळ्यात वरच्या फळीवर. एकच गोष्ट राहून गेली, ती म्हणजे बाबांच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ. तो कडेला वीतभर लोंबत होता, आणि त्या सकाळी त्याच्यावर नाण्यांचा पहिला ट्रे काढून ठेवला होता.

ट्रे काढला होता सुनेनंच. बाबा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती आणि त्यातली बत्तीस वर्षं जुनी रोमन आणि ग्रीक नाणी जमवली होती. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत बरोब्बर मधोमध डाग पडला होता. समोर पाहिलं की समोरचं दिसायचं नाही, कडेचं थोडं दिसायचं. त्यामुळे ते हल्ली सगळ्यांकडेच मान तिरकी करून पाहायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेचंही फार दिवस पुरणार नाही. म्हणून बाबा त्या सकाळी म्हणाले होते, "पहिला ट्रे काढ गं. एकदा बघून घेतो."

तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध वर आलं. ती धावली. गॅस बंद करून वळते तोच मागे धाडकन आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ किती तरी वेळ लहान लहान आवाज होत राहिले. टिण, टिण, गरगर, टिण.

ती दारात आली तेव्हा भिंगरी टेबलक्लॉथ अंगावर पांघरून फरशीवर बसली होती आणि तिच्याभोवती दोन हजार वर्षं सांडली होती.

"तिच्या तोंडात काही नाही ना?" बाबांनी पहिलं हे विचारलं.

तिनं लेकीच्या तोंडात बोट घालून चारी बाजूंनी फिरवलं. भिंगरीनं नव्या दातांनी ते कडकडून चावलं. तोंडात काही नव्हतं. उजव्या मुठीत मात्र एक काळपट चकती होती, ती सोडवायला बिस्किट द्यावं लागलं.

"साठ भरली पाहिजेत," बाबा म्हणाले.

साठ भरली. एक कपाटाखालून मिळालं, एक बाबांच्या पायातल्याच चपलेत. नाणं एकही हरवलं नव्हतं. हरवलं होतं ते दुसरंच काही. ट्रेमध्ये साठ गोल खळगे होते. प्रत्येक खळग्यात तळाशी एक गोल पुठ्ठ्याचं तिकीट आणि तिकिटावर नाणं. कुणाचं डोकं, मागे काय, कुठून घेतलं, सगळं त्या तिकिटावर. आता साठ नाणी एका ताटलीत होती आणि साठ तिकिटं दुसऱ्या.

तिनं दोन्ही ताटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. बाळंतपणाच्या रजेवर येण्याआधी ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. बाटली आणि तिच्यावरचं लेबल यांची फारकत झाली की काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"बाबा, माझी चूक. मी ट्रे असा ठेवायलाच नको होता."

"चूक कुणाचीही असू दे," बाबा म्हणाले. मग मान तिरकी करून, "त्यात तिचं एक तिकीट आहे."

तिचं म्हणजे आईंचं, बाबांच्या बायकोचं. सुनेनं सासूला पाहिलं नव्हतं, लग्नाच्या आधीच त्या गेल्या होत्या. पण त्यांचं अक्षर तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अजून त्यांच्याच चिठ्ठ्या होत्या. 'साखर', 'मीठ', आणि एका डब्यावर 'हा उघडू नका'. तो उघडला तर आत नुसते रबरबँड होते. प्रत्येक 'र'ला मांजरासारखी शेपूट.

ते तिकीट तिला लगेच सापडलं. एकोणसाठ तिकिटं घड्याळजीच्या बारीक, टोकदार अक्षरात होती. साठाव्यावर शेपटीवाले 'र' होते.

'कुणीतरी राजा. मागे दोन शिपाई, मधे झेंडा. गप्पा मारतायत असं वाटतं. ↑'

"वाचलंस?" बाबांनी विचारलं. "जुन्या बाजारात एका भंगारवाल्याच्या डब्यात मिळालं तिला. बटण समजून घेतलं. माझ्या कोटाला लावायचं होतं! घरी आल्यावर कळलं, भोकंच नाहीत. मग मी दुकानात असताना माझं नाण्यांचं पुस्तक काढून बसली, एकेक अक्षर लावत. कुणाला काही विचारलं नाही. तिकीट लिहिलं आणि गुपचूप ट्रेमध्ये ठेवून दिलं. मला तीन दिवसांनी सापडलं. तोवर येता-जाता नुसती हसत होती. मला वाटलं, माझ्या शर्टाला काही लागलंय."

"मग आपण ते शोधूच," ती म्हणाली. म्हणाली खरी.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीच्या दुपारच्या झोपेवर दोघांनी आपलं दुकान मांडलं. भिंगरी एक वाजता झोपायची आणि तिची मर्जी असेल तर अडीचपर्यंत झोपायची. तेवढ्या वेळात चार-पाच नाणी व्हायची. बाबांचं डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग आता सुनेच्या डोळ्याला आलं. "माझं भिंग रिटायर झालं आणि ही आली, म्हणून तर हिचं नाव भिंगरी," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आता म्हणाले, "भिंग तुझं, डोकं माझं. सांग, काय दिसतं?"

"एक माणूस. उजवीकडे बघतोय."

"सगळेच उजवीकडे बघतात. डोक्यावर काय आहे?"

"पानं. मागे रिबिनीची गाठ."

"मान?"

"मान... मान नाहीच आहे बाबा. हनुवटीवरून थेट छातीच. एकावर एक वळ्या आहेत."

"जाड्या!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "सापडला. बिचारा काही महिनेच राजा होता, पण जेवून घेतलं त्यानं."

बाबांनी सगळ्या सम्राटांना घरची नावं ठेवली होती. कुरळ्या दाढीचा तो मास्तर. डोक्यावर सूर्यासारखे किरण लावलेला तो सर्कशीतला. एक राणी होती, तिच्या केसांचा अंबाडा टाळूवर चढवून त्याला मोत्यांची माळ गुंडाळलेली. ती तिच्या मुलीच्या नाण्याशी हमखास घोटाळली जायची. हा घोटाळा सुनेनं दोन मिनिटांत सोडवला.

"ही आई आहे, ती मुलगी. मुलीचा अंबाडा मानेवर आहे. केस विंचरायला वेळ नव्हता तिला, लेकरं असणार घरात."

बाबा खो-खो हसले. "पुस्तकात लिहिलंय, तिला डझनभर मुलं होती. मला हे ओळखायला दोन वर्षं लागली गं!"

ग्रीक नाणी तिला आवडायची. चांदीची, जाड, आंब्याच्या कोयीसारखी फुगीर. एकावर घुबड होतं. ते थेट तुमच्याकडे बघायचं, अंघोळ घालताना भिंगरी बघते अगदी तसंच.

पहिल्याच दुपारी एक भानगड झाली. प्रत्येक तिकिटावर शेवटी एक बाण होता. तो कशाचा, ते बाबांनी समजावलं. नाण्याच्या पुढचं डोकं सरळ धरायचं आणि नाणं उलटायचं. मागचं चित्रही सरळ दिसलं तर बाण वर, डोकं खाली पाय वर दिसलं तर बाण खाली. दोन्ही ठसे एकमेकांशी कसे बसवले होते, ते त्यावरून कळतं. ग्रीकांचे बाण घड्याळातल्या काट्यासारखे कुठेही फिरलेले असत. रोमनांचे मात्र एक तर वर, नाही तर खाली.

तिनं सात नाणी पाहून सात चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांवर बाण काढले आणि तिकिटांशी लावायला गेली. एकही लागेना. सगळे बाण नेमके उलटे.

"रोमन लोक रात्रीत उलटे झाले काय?" बाबा म्हणाले. "नाणं उलटून दाखव बरं."

तिनं दाखवलं. खालची कड उचलली आणि वर नेली. बाबांनी तिरक्या नजरेनं पाहिलं, मग तिची बोटं स्वतःच्या हातात घेतली. त्यांची बोटं वाळलेली, पण नाणं धरलं की थरथर थांबायची.

"भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर उलटतो, तसं नाही उलटायचं. पुस्तकाचं पान उलटतो, तसं. उजवीकडून डावीकडे. अस्सं."

"मला वाटलं, उलटायचं म्हणजे उलटायचं."

"ज्याला कुणी शिकवलं नाही, तो कॅलेंडरच करतो. काही देशांत नाणीसुद्धा त्याच हिशेबानं पाडतात." आणि त्यांनी तिच्या सातही चिठ्ठ्या चर्रकन फाडल्या.

"अहो बाबा! नुसता बाण बदलला असता की."

"चुकलेलं तिकीट फाडायचंच. इथे तोच नियम. खोटं नाणं एकालाच फसवतं, चुकलेलं तिकीट पुढच्या सगळ्यांना." मग तिचा चेहरा दिसत नसतानाही त्यांना तो दिसला असावा. "रुसू नकोस. माझी शेकडो फाडलीत मी."

अशा दहा-बारा दुपारी गेल्या. भिंगरीला एकदा सर्दी झाली, ते तीन दिवस नाणी तशीच राहिली. एकदा ती पाळण्यातून ओरडू लागली तेव्हा बाबांनी तिथून, खुर्चीतूनच, तिला रोमच्या राजांची यादी पाठ म्हणून दाखवली आणि ती चक्क परत झोपली. एकेक खळगा भरत गेला. पंचावन्न नाण्यांना पंचावन्न तिकिटं लागली.

राहिली पाच.

पाचही तांब्याची, नखाएवढी, काळपट हिरवी. पाचांवरही एका मुकुटवाल्याचं झिजलेलं डोकं. पाचांच्याही मागे दोन शिपाई समोरासमोर, मधे झेंडा. खाली टांकसाळीची अक्षरं असायला हवी होती, ती पाचांचीही झिजून गेलेली. तिकिटं सगळ्यात जुनी, नाजूक वजनकाटा घरात येण्याआधीची, म्हणून वजन एकावरही नाही. बाबांच्या चार तिकिटांवर एकच मजकूर: 'कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातला कुणी. मागे दोन शिपाई. ↑' आणि पाचवं तिकीट आईंचं.

"असं कर," बाबा म्हणाले, "माझ्या हातात दे. हातात आलं की कळेल."

तिनं एकेक करून पाचही त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी डोळे मिटले. अंगठा फिरवला. घड्याळाच्या तळाशी पडलेला केसाएवढा स्क्रू हाताला लागायचा त्यांच्या. पहिलं नाणं ठेवलं, दुसरं घेतलं, पुन्हा पहिलं मागितलं. बराच वेळ गेला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"नाही कळत," ते म्हणाले. हात पुसावा तसा तळवा त्यांनी मांडीवर पुसला. "इतकी वर्षं मी ते जागेवरून ओळखत होतो गं. तिसरी ओळ, दुसरा खळगा. नाण्याकडे पाहिलंच नाही कधी. पाहायचो ते तिकिटाकडे."

तिनं पाचही नाणी परत ताटलीत ठेवली.

"असू दे. पाचही तिचीच म्हणू," बाबा म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले. खिडकीतून त्यांना काय दिसत असेल, असं तिच्या मनात आलं आणि ते तिनं लगेच मागे ढकललं.

संध्याकाळी नवरा आला. भिंगरीला खांद्यावर घेऊन फिरवता फिरवता त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"एवढं काय? पाचातलं कुठलंही एक दे आणि सांग, सापडलं. सगळी सारखीच तर आहेत. त्यांना दिसतंय कुठे?"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"दिसत नाही म्हणूनच. दिसत असतं तर फसवलं असतं एक वेळ." तिचा आवाज चढला तशी भिंगरीनं मान वळवून पाहिलं. "उद्या तुला दिसेनासं झालं आणि मी कुठल्याही पोरीला आणून म्हटलं, ही घ्या तुमची भिंगरी, तर चालेल?"

"ही चावते. मी लगेच ओळखेन," तो म्हणाला. मग तिचं तोंड पाहून त्यानं भिंगरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. हळूच म्हणाला, "आई त्या नाण्याला 'माझं बटण' म्हणायची. मी लहान होतो, पण आठवतं मला."

दुसऱ्या दिवशी एक वाजता भिंगरी झोपली. बाबा आपल्या खोलीत आडवे झाले होते, आज टेबलाशी आलेच नाहीत. ती एकटी बसली. प्रयोगशाळेत दोन बाटल्यांचा गोंधळ झाला की तिथल्या मोठ्या बाई म्हणायच्या, सुचत नाही तेव्हा पहिल्यापासून करा, आणि माहीत आहे ते पुन्हा बघा. तिनं गॅसवर दूध बारीक आचेवर ठेवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. डोकं. मुकुट. मागे शिपाई. आणि शेवटी बाण, जो कालपर्यंत तिनं तपासलाच नव्हता. पाचही तिकिटांवर तो एकच होता, मग तपासून मिळणार काय?

पहिलं नाणं, पुस्तकाच्या पानासारखं उलटलं. शिपाई सरळ. बाण वर.

दुसरं, वर. तिसरं, वर.

चौथं उलटलं आणि दोघं शिपाई डोक्यावर उभे होते.

तिनं पुन्हा उलटलं. तेच. पाचवं पाहिलं, ते सरळ. चार नाण्यांचे बाण वर, एकाचा खाली. तिकिटांवर मात्र पाचही वर. म्हणजे एक तिकीट चुकलं होतं. या घरात. चुकलेली तिकिटं चर्रकन फाडणाऱ्या माणसाच्या घरात.

ती उठली आणि बाबांच्या दाराशी गेली.

"बाबा, जागे आहात?"

"जागाच आहे. काय झालं?"

"एक विचारू? तुमचा बाण कधी चुकला असेल का? अगदी सुरुवातीला?"

"बाण?" ते उठून बसले. स्वर दुखावलेला होता. "बाकी सगळं चुकलं असेल. जाड्याला मी वर्षभर त्याचा भाऊ समजत होतो. पण बाण नाही. मी घड्याळजी आहे. काटा कुठे आहे तेवढं तर मला कळतं."

"आणि आईंना बाण काढायला कुणी शिकवलं होतं?"

"कुणी नाही. सांगितलं ना, चोरून केलं तिनं. माझी तिकिटं पाहून पाहून..."

"तुम्ही तपासलंत नंतर?"

"तिनं लिहिलेलं मी कशाला तपासू?"

"मग," ती म्हणाली, "कुणी शिकवलं नसेल तर त्यांनी नाणं कसं उलटलं असेल, बाबा?"

मग बाबांचा उजवा हात आपोआप वर आला. दोन बोटांत काही नसताना त्यांनी ते धरलं, आणि खालची कड उचलून वर नेली.

"कॅलेंडर," ते म्हणाले.

तिनं चौथं नाणं त्यांच्या हातात ठेवलं. ते धरून ते खिडकीपाशी गेले, मान वाकडी केली, इतकी की कान खांद्याला टेकला. पुढचं डोकं त्यांनी नखानं चाचपून सरळ केलं आणि नाणं उलटलं. बायकोसारखं उलटलं. सुनेनं त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. दोघे शिपाई नीट पायांवर उभे होते.

"एकतीस वर्षं," बाबा म्हणाले. "एकतीस वर्षं चुकीचं तिकीट माझ्या ट्रेमध्ये!" आणि ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला. डोळे पुसले, पुन्हा हसले, पुन्हा पुसले. "काय बाई होती. अगं, काय बाई होती!"

टेबलाशी आल्यावर त्यांनी कोरं तिकीट काढायला सांगितलं. ती लिहायला बसली, ते सांगू लागले.

"कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातला कुणी. मागे दोन शिपाई, मधे झेंडा. बाण खाली. जुना बाजार, भंगारवाल्याचा डबा. बटण म्हणून घेतलं." ते थांबले. "झालं? आता मागे लिहिणाऱ्याची खूण कर. प्रत्येक तिकिटाच्या मागे असते माझी. तू तुझी कर."

"माझी?"

"मग काय जाड्याची?"

तिनं मागे आपलं आद्याक्षर काढलं. साठ तिकिटांच्या ट्रेमधलं हे तिचं पहिलं. मग शेपटीवाल्या 'र'चं जुनं तिकीट उचललं आणि मुद्दामच विचारलं, "आणि हे? चुकलेलं आहे. फाडू?"

"हात तर लावून बघ!"

"नियम आहे ना."

"नियम बदलला."

"कधी?"

"आत्ता. तू पाठ फिरवली होतीस तेव्हा." त्यांनी तिकीट तिच्या हातातून घेतलं, तिसरी ओळ, दुसरा खळगा बोटानं मोजला आणि तळाशी नवं ठेवून त्यावर जुनं ठेवलं. "तिचं वर राहील. खरं काय ते खाली असू दे, ज्याला हवं तो उचलून बघेल."

नाणं ठेवण्याआधी त्यांचा हात थांबला.

"तू एकदा बघ गं भिंगातून. ती म्हणायची, गप्पा मारतायत. मला कधी तसं दिसलं नाही. मला आपले दोन शिपाईच दिसायचे."

तिनं भिंग लावलं. झिजून झिजून दोघांची तोंडं उरली नव्हती. पण एकाचं डोकं जरा पुढे झुकलं होतं आणि दुसऱ्याचा खांदा त्याच्याकडे वळला होता. अगदी दुपारी या टेबलाशी दोन माणसं बसावीत तसं.

"बोलतायत, बाबा."

"काय म्हणतायत?"

तिनं नाक वर करून वास घेतला. आणि भिंग डोळ्याला तसंच ठेवून ती स्वयंपाकघराकडे धावत सुटली.

"दूध उतू गेलं म्हणतायत!"

पाळण्यातून भिंगरीनं हाक दिली. बाबांनी नाणं आईंच्या अक्षरावर ठेवलं, ट्रे दोन्ही हातांनी उचलला, आणि चाचपत चाचपत कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला.